हॅरिसची बैठक

जेरोम के. जेरोम म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला होडी आठवते, टेम्स नदी आठवते आणि काही केल्या न उघडणारा अननसाचा डबा आठवतो. होडीचं ते पुस्तक १८८९चं. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०० साली, जेरोमने त्याच तीन मित्रांना पुन्हा घराबाहेर काढलं. या वेळी कुत्रा नाही, होडीऐवजी सायकली आणि टेम्सऐवजी जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट. पुस्तकाचं नाव ‘थ्री मेन ऑन द बमेल’. होडीच्या मानाने ते विस्कळीत आहे. शेवटाकडे तर गोष्ट बाजूला राहते आणि जर्मन माणसाच्या शिस्तीवरचा निबंध सुरू होतो. पण तिसऱ्या प्रकरणात सायकलच्या सीटवर एक छोटासा संवाद आहे. तो मी आयुष्यात दोनदा नीट वाचला. पहिल्यांदा कॉलेजात, तेव्हा पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा चाळिशी उलटल्यावर, गोव्याच्या हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल, मग धावणं) तयारी करताना, ज्या आठवड्यात मला कचेरीच्या खुर्चीतही एका कुल्ल्यावर तोल सांभाळून बसावं लागत होतं त्या आठवड्यात. तेव्हाही हसलो, पण जरा जपून.

बोलणारे दोघे आहेत, निवेदक आणि हॅरिस. हॅरिस हा सुधारणांचा भक्त. जाहिरातीत जे जे नवं येईल ते ते सायकलला लावून बघणारा. त्याची श्रद्धा अशी की योग्य सीट जगात कुठेतरी आहेच, शोधायचा अवकाश. निवेदकाची अश्रद्धाही तेवढीच पक्की. आणि ती मांडताना तो एकदम कीर्तनकाराचा सूर लावतो. हे जग, यातली सुखदुःखं, इथली अपूर्णता. सुखाची सीट तो थेट परलोकात ढकलून देतो आणि इहलोकी जे कठीण मिळेल त्याची सवय करून घे, असा उपदेश करतो. प्रश्न बुडाचा, भाषा मोक्षाची. या दोहोंतल्या अंतरातूनच हसू फुटतं. जेरोम विनोद करतोय असं कुठे दाखवत नाही. बुवा गंभीरच राहतात.

यातला उपदेश मात्र निम्मा खरा आहे, आणि हे मला जेरोमने सांगूनही कळलं नव्हतं. पहिली लांबची राइड सोसली नाही तेव्हा मी कुणीही नवशिका करतो तेच केलं: एका दुकानातून जेल भरलेलं जाडजूड कव्हर आणलं. ‘सोफा आहे साहेब, सोफा,’ असं दुकानदार म्हणाला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. तासभर सोफाच होता. खंबाटकीच्या पायथ्याशी येईपर्यंत मात्र त्या सोफ्यावर उभंच राहावंसं वाटू लागलं. कारण साधं आहे. शरीराचा भार पेलण्यासाठी कमरेच्या सांगाड्याला खाली दोन हाडं आहेत, बसण्याची हाडं. मऊ गादीत ती रुततात, आणि ती रुतली की गादीचा मधला भाग वर चढून नेमका जिथे भार पडू नये तिथे दाबतो. घोड्याच्या खोगिरात चिंध्या कोंबण्यावरून ‘खोगीरभरती’ हा शब्द आपल्या भाषेत निरुपयोगी भरण्यासाठी रूढ झाला. सायकलच्या बाबतीत तो शब्दशः लागू पडतो.

उलट बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्सने १८८२ साली पेटंट घेऊन जी चामड्याची सीट काढली, तिच्यात भरताड काहीच नाही. लोखंडी चौकटीवर ताणून बसवलेलं जाड कातडं, बस. नवीन असताना लाकडी पाटासारखी लागते. काही आठवडे रेटली की बसणाऱ्याच्या हाडांचे दोन खळगे तिच्यात उमटतात, आणि मग ती त्याची होते, दुसऱ्या कुणाची होत नाही. ब्रुक्सची बी-सतरा ही सीट जेरोमच्या काळापासून आजवर निघते आहे. निवेदकाला बहुधा असंच काहीतरी म्हणायचं असावं: सीटने तुझी सवय करून घ्यावी याची वाट बघ.

पण हॅरिस वाट बघणाऱ्यांतला नाही. त्याने बर्मिंगहॅमहूनच दुसरी एक सीट आणलेली असते, मधोमध दुभंगलेली. निवेदक तिचं रूप सांगताना खाटकाच्या दुकानात दिसणाऱ्या एका अवयवाच्या जोडीची उपमा देतो. हॅरिस दुखावून सांगतो की ती शरीरशास्त्राच्या तत्त्वांवर बांधलेली होती. तिच्या खोक्यावर चित्र होतं, बसलेल्या सांगाड्याचं. म्हणजे सांगाड्याचा जेवढा भाग बसतो तेवढ्याचं.

हे जेरोमने मनाने रचलेलं नाही. पुस्तकाआधीच्या दशकात सायकलचं वेड युरोप-अमेरिकेत टिपेला पोचलं होतं, आणि सीट बनवणारे कारखानदार डॉक्टरांची भाषा बोलू लागले होते. अमेरिकेत स्पॉल्डिंग कंपनी ‘क्रिस्टी अ‍ॅनॅटॉमिकल सॅडल’ विकत असे. धातूची बैठक, तिच्यावर दोन बाजूंना दोन गाद्या, मध्ये पोकळी. तिच्या जाहिरातीत कमरेचा सांगाडा काढलेला असायचा: साध्या सीटवर तो कसा टेकतो आणि आमच्या सीटवर कसा. आज सीट विकणारे संगणकावर दाबाचे लाल-पिवळे नकाशे दाखवतात. सव्वाशे वर्षांपूर्वी हाडं दाखवत. गिऱ्हाईक तेव्हाही चित्राकडेच बघत होतं.

खोक्यावरचं चित्र बरोबर होतं, असं हॅरिस ठासून सांगू लागतो. अमुक अवयवाची खरी जागा त्यात दाखवली होती, असं म्हणता म्हणता त्याचं वाक्य अवयवाच्या नावाच्या उंबरठ्यावर येतं आणि निवेदक ते तिथेच तोडतो: तपशिलात नको शिरूया. सगळ्या उताऱ्यातली माझी सर्वांत आवडती जागा ही. व्हिक्टोरियन सभ्यतेची टर आहे हे उघडच, पण ती टर फक्त त्यांची नाही. जेरोम अवयव दाखवत नाही, तो दाखवायची भीती दाखवतो. आणि भीतीचा विनोद अवयवाच्या विनोदापेक्षा जास्त टिकतो, कारण अवयवाचं नाव घेणं कधीतरी सोपं होतं, भीती मात्र पिढ्यानपिढ्या वारशाने येते.

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळे चांगले शिकलेले, दोघे तर डॉक्टर. पहाटे साडेचारला कात्रजच्या चौकात भेटून तासन्‌तास एकमेकांच्या हृदयाचे ठोके, पायांतले पेटके, जुलाब यांबद्दल मोकळेपणाने बोलणारे. सीटचा विषय निघाला की सगळ्यांची भाषा लुळी पडते. ‘तिथे जरा होतं.’ ‘खाली मुंग्या येतात.’ ‘बसायच्या जागी.’ बायकांचे त्रास तर वेगळे आणि जास्त असतात, पण ते ग्रुपमध्ये कुणी उच्चारतच नाही. जेरोमच्या संवादातही बाईच्या बैठकीचा विचार नाही. गंमत म्हणजे नेमका शब्द आपल्याकडे जुनाच आहे: सीवनी. आयुर्वेदात आहे, योगाभ्यासात आहे. सिद्धासनात टाच कुठे लावायची हे शिकवताना योगशिक्षक तो न लाजता उच्चारतात. पण सायकलच्या दुकानात काउंटरपलीकडच्या पोऱ्याला कोण सांगणार की बाबा, नव्वद किलोमीटरनंतर सीवनी बधिर होते?

बधिर होणं हीच महत्त्वाची खूण आहे, दुखण्यापेक्षाही. बसण्याच्या हाडांना सुरुवातीचे काही दिवस दुखतं ते सवयीने जातं. मुंग्या आणि बधिरपणा म्हणजे दोन हाडांच्या मधून जाणारी नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जात आहेत. त्याची सवय करून घ्यायची नसते. निवेदकाचा उपदेश तिथे साफ चुकतो. अमेरिकेत नायॉश या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने नाक नसलेल्या सीट्स वापरायला दिल्या. २००८ साली निष्कर्ष छापून आले. आधी २७ टक्के पोलीस म्हणत होते की आपल्याला बधिरपणा येत नाही. सहा महिन्यांनी तसं म्हणणारे ८२ टक्के झाले. पोलिसांनी तरी तपशिलात शिरण्याचं धाडस केलं.

आता उताऱ्याचा कळस. हॅरिस म्हणतो, वैद्यकीय दृष्टीने ती सीट बरोबर होती. निवेदक कबूल करतो, पण एका अटीवर: नुसती हाडं घालून सायकल चालवणाऱ्यासाठी ती बरोबर असेल, अंगावर मांस असलेल्या माणसाला नव्हे. मांसाला तो कपड्यासारखं वागवतो, कोणी घालतं कोणी घालत नाही, आणि त्या एका क्रियापदात सगळं शास्त्र निरुत्तर होतं. मग लगेच शेवंड येते, तीही चिडलेली, प्रत्येक दगडागणिक चिमटे काढणारी. पण ती शेवंड नसती तरी चाललं असतं. विनोद आधीच पूर्ण झालेला आहे; उपमा ही वरून घातलेली फोडणी.

इतकी वर्षं मी मानत होतो की इथे निवेदक जिंकला. हाडाचं सत्य एक, मांसाचं सत्य दुसरं, आणि शेवटी मांसच बसतं. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की या भांडणात दोघांनीही एक गोष्ट पाहिलेली नाही. खोक्यावरचा सांगाडा बसलेला आहे, पण कसा बसलेला? ताठ. हॅरिस कसा बसत होता? रस्त्यावर त्याची पाठ किती वाकलेली होती, हात कुठे होते, कंबर पुढे कलली होती की मागे? एक अक्षर नाही. संपूर्ण संवाद सीटबद्दल आहे आणि बैठकीबद्दल एकही शब्द नाही. सीट आणि बसणं यांत फरक असतो हे दोघांच्याही गावी नाही.

ट्रायथलॉनवाल्याचा सगळा प्रश्न या फरकातच आहे. आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहून झाल्यावर १८० किलोमीटर सायकल आणि नंतर पूर्ण मॅरेथॉन. गोव्यात २०१९पासून होते ती याच्या निम्मी, म्हणजे ९० किलोमीटर सायकल. वारा कापण्यासाठी हँडलवर पुढे दोन दांडे बसवलेले असतात, एरोबार. कोपरं त्यांवर टेकवून, पाठ सपाट करून स्वार तासन्‌तास एकाच आकारात गोठलेला असतो. रस्त्यावरचा साधा सायकलस्वार चढावर उभा राहतो, हात बदलतो, मागेपुढे सरकतो. त्याचं बूड अधूनमधून मोकळं होतं. ट्रायथलॉनवाला हलला की वारा त्याला पकडतो, म्हणून तो हलत नाही. आणि त्या वाकलेल्या बैठकीत कंबर पुढे गोल फिरते, बसण्याची हाडं सीटवरून उचलली जातात, भार पुढे जघनास्थीच्या दोन फांद्यांवर आणि त्यांच्यामधल्या मऊ भागावर येतो. म्हणजे खोक्यावरचं चित्र त्याच्यासाठी खोटं ठरतं. सांगाडा तोच, पण टेकतो दुसऱ्याच जागी.

म्हणूनच पुठ्ठ्याची जी सुंदर युक्ती सगळे सांगतात ती अर्धीच उपयोगी पडते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा टणक पायरीवर ठेवायचा, त्यावर बसायचं, दोन खळगे उमटतात, त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं, आणि त्याहून थोडी रुंद सीट घ्यायची. घरी हा प्रयोग केला तेव्हा मुलीने विचारलं की बाबा पुठ्ठ्यावर का बसलेत. मीही तपशिलात शिरलो नाही. पण ताठ बसून घेतलेलं हे माप वाकलेल्या माणसाला लागू होत नाही. पुढे कलत गेलं की टेकण्याची जागा अरुंद होत जाते. एरोबारवर बसणाऱ्याला मागच्या रुंदीपेक्षा सीटचं नाक जास्त छळतं.

आणि इथे हॅरिसची दुभंगलेली सीट परत येते. आयएसएमसारख्या कंपन्यांनी ट्रायथलॉनसाठी नाक कापून टाकलेल्या सीट्स काढल्या: समोर दोन आखूड शिंगं, मध्ये आरपार फट, पुढे काहीच नाही. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला खाटकाचं दुकानच आठवलं. क्रिस्टीने मधला भाग काढला होता तो ताठ माणसाच्या मागच्या हाडांसाठी. या सीट्सनी काढला तो वाकलेल्या माणसाच्या पुढच्या हाडांसाठी. रूप सारखं, पण बैठक वेगळी. त्यामुळे ज्याला ती मानवते तोही पाठ ताठ करून निवांत चालवू लागला की शिंगं मांड्यांच्या आत बोचतात. म्हणजे शेवंड पुन्हा चिडते. निवेदकाने ती सीट वापरून बघितली आणि त्याला यातना झाल्या, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त तो ज्या रीतीने बसला असेल त्या रीतीने बसणाऱ्यासाठी ती घडवली तरी होती का, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही.

एरोबार ही मुळात ट्रायथलॉनवाल्यांनी लोकप्रिय केलेली वस्तू. व्यावसायिक शर्यतीत ती गाजली १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर घड्याळाविरुद्ध. ग्रेग लेमाँड लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. एरोबारवर वाकून त्याने ती दरी बुजवली आणि पूर्ण टूर ८ सेकंदांनी जिंकला. वाऱ्याचा अभ्यास, हँडलचा अभ्यास, फिन्याँची उडणारी पोनीटेल, यांवर तेव्हापासून भरपूर लिहिलं गेलंय. फिन्याँला त्या दिवसांत बुडावर सीट लागून गळू झालं होतं आणि धड टेकवतही नव्हतं, हे मात्र बऱ्याच वर्णनांत ओझरतं येतं. तीन आठवडे आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटरनंतर आठ सेकंद. गळवाचे त्यात किती होते कुणी मोजणार नाही, आणि मोजलेच तर सभ्य माणसं तपशिलात शिरणार नाहीत.

हॅरिसची आणखी एक सीट येते, खाली स्प्रिंग असलेली, बसणाऱ्याला वर उडवणारी. तो खाली परत नेमक्या जागी येईल याची खात्री नाही. हा भाग मला थोडा सोपा वाटतो. उडणाऱ्या माणसाला सर्कशीतही हसतात. दुभंगलेल्या सीटमध्ये जो हाड-मांसाचा वाद होता तो इथे नाही. जेरोमलाही ते कळलं असावं, कारण त्याने हा भाग थोडक्यात उरकला.

त्याआधी मात्र एक तपशील आहे जो मी पहिल्या वाचनात घाईत ओलांडला होता. ती दुभंगलेली सीट हॅरिसने महिनाभर वापरली, न्याय्य चाचणी द्यावी म्हणून. निवेदक यावरून त्याला टोमणा मारतो: चाचणी तू सीटची नाही, घरच्यांची घेतलीस, त्या महिन्यात तुझ्याइतका चिडका माणूस तुझ्या बायकोने पाहिला नव्हता. नवऱ्याचं गुपित मित्राला सांगणारी बायको ही त्या काळच्या विनोदातली ठरलेली बाहुली आहे, आणि तेवढ्यापुरतं हे वाक्य आज शिळं लागतं. पण हॅरिसची पद्धत? ती बरोबर आहे. उताऱ्यात ज्याला सगळ्यात मूर्ख ठरवलंय तेच त्यातलं सगळ्यात शहाणं कृत्य. दुकानात दोन मिनिटं बसून सीट कळत नाही; एका रविवारीही कळत नाही. बसवायची, नाक सपाट ठेवायचं, हवं तर एखाद-दोन अंश खाली. जास्त खाली केलं की माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार कोपरांवर येतो. उंची तपासायची, कारण सीट उंच असेल तर पेडलपर्यंत पोचताना कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि कातडं सोलवटतं. त्याचा दोष मग बिचाऱ्या सीटवर येतो. सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अनेक वर्षं अशी अट होती की सीटचं टोक, पेडलच्या दांड्या ज्या मधल्या आसाभोवती फिरतात त्याच्या किमान पाच सेंटिमीटर मागे हवं. ट्रायथलॉनवाल्याला ती अट नाही, त्यामुळे तो सीट पुढे सरकवू शकतो, आणि अनेकदा नव्या सीटऐवजी दोन सेंटिमीटर पुढे सरकणंच पुरतं. एका वेळी एकच बदल, मग दोन-तीन लांबच्या राइड्स, मग वहीत नोंद. माझ्या वहीत दीड वर्षाच्या अशा नोंदी आहेत, आणि हॅरिसने वही ठेवली असती तर तिच्यात काय लिहिलं असतं ते मला आता कळतं.

तेही शर्यतीच्याच कपड्यांत. सरावाला मी जाड पॅडची चड्डी घालत होतो आणि सीट मानवली असं समजत होतो. शर्यतीत ट्रायसूट असतो, त्याचं पॅड पातळ, कारण त्यातच नंतर धावायचं असतं. शिवाय समुद्रातून बाहेर आल्यावर तो ओला आणि खारट असतो. ओल्या कापडावर नव्वद किलोमीटर म्हणजे सीटची नव्याने ओळख. गोव्याच्या शर्यतीत, मिरामारच्या वाळूवर मला हे समजलं, तेव्हा सीट बदलायची वेळ टळून गेली होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात रस्त्यावर जाणं बंद होतं म्हणून घरातच ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, सायकल लावली. घरातल्या ट्रेनरवर सायकल अजिबात हलत नाही, दगड नाही, उतार नाही, उभं राहायला कारण नाही. सीटची याहून निर्दय परीक्षा नाही. माळ्यावरच्या पिशवीत तोवर चार सीट्स जमल्या होत्या. पाचवी, एका मित्राकडून महिनाभर उसनी आणलेली, आखूड नाकाची. रविवारी सलग साडेतीन तास एरोबारवर बसलो, ट्रायसूट मुद्दाम भिजवून. उतरल्यावर स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, चहा झालाय का विचारलं.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘ही कुणाची आणलीयस? परत नको देऊस.’